बाईंना विचारा : ‘शापित गाव’ची पत्रं

गेल्या अंकात ‘ला आल्देआ माल्दिता’ या १९३०च्या स्पॅनिश मूकपटाविषयी लिहिलं होतं. नावाचा अर्थ शापित गाव. त्यानंतर सांगली-साताऱ्याकडच्या काही वाचनालयांनी तो पडद्यावर दाखवला आणि माझ्या टेबलावर पत्रांचा ढीग पडला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. स्पेनच्या कास्तील प्रांतातलं एक कोरडवाहू गाव. गारपिटीनं गहू पुन्हा झोपतो. हुआन या शेतकऱ्याच्या घरात बायको अकासिया, तान्हं मूल आणि आंधळा बाप. लुकास हा गावातला पैसेवाला. त्याच्यावर हुआन हात उचलतो आणि तुरुंगात जातो. गाव गाड्या जुंपून निघतं, मैत्रिणीच्या आग्रहानं अकासियाही निघते. मूल आजोबांजवळ राहतं. काही वर्षांनी हुआन दुसरीकडे मुकादम झालेला असतो आणि एका दारूच्या गुत्त्यात त्याला अकासिया सापडते, धंद्याला लागलेली. बापाला कळू नये म्हणून तो तिला घरी आणतो, पण मुलाला हात लावायचा नाही या अटीवर. बाप मरतो, तो तिला हाकलतो. ती भ्रमिष्ट होऊन ओसाड पडलेल्या गावात परतते. तिथं ती रिकामा पाळणा हलवताना हुआनला दिसते, आणि तो तिला क्षमा करतो.

सगळ्या पत्रांना उत्तरं देणं शक्य नाही. निवडक घेतली आहेत.

बाई, सुरुवातीची गार बघूनच माझ्या पोटात गोळा आला. माल उतरायच्या तोंडावर गार पडली की काय होतं ते आम्हाला कुणी सांगायला नको. पण गारपिटीपायी आख्खं गाव उठून जातं, हे काही पटलं नाही. आम्ही गेलो का? खरड छाटणी घेतली, पुन्हा उभे राहिलो. — एक द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

तुम्ही उभे राहिलात, कारण वेल उभा होता. गारेनं घड फुटतात, काड्यांना जखमा होतात, वर्षाचा पैसा मातीत जातो, हे सगळं खरं. तरी ओलांडा, म्हणजे वेलाचं आडवं खोड, राहतो, मूळ राहतं, एप्रिलला छाटणी घेतली की ऑक्टोबरची आशा धरता येते. सोसायटीत तुमचं नाव असतं, औषधाच्या दुकानात उधारी चालते. आता गव्हाचा विचार करा. ओंबी तयार असताना गार आली की दाणे मातीत, काड भुईसपाट. खायचंही तेच आणि पुढच्या वर्षीचं बियाणंही तेच. त्यात हे पहिलं वर्ष नव्हे. कणग्या आधीच झाडून झालेल्या आहेत, आणि दिग्दर्शकानं गार दाखवली आहे ती या शेवटच्या वर्षाची.

राहिला लुकास. गावात ज्याच्याकडे काही उरलेलं आहे असा तो एकटा, आणि तो हात आखडतो. हा माणूस तुम्हाला परका वाटला नसणार. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातून कर्जरोखे काढून जाळले. त्यानंतर सरकारनं १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा केला, आणि तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत आपला सातारा होता. (तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात तुमचं तासगावही होतं. सांगली जिल्हा ही फार पुढची गोष्ट.) सिनेमातही आपण मागे नव्हतो. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला, म्हणजे स्पॅनिश चित्रपटाच्या पाच वर्षं आधी. त्यात खोट्या कागदानं जमीन गमावून शहरात गिरणीत जाणारा तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी केला होता. कथा नारायण हरी आपटे यांची, ज्यांच्या आयुष्याचा मोठा काळ कोरेगावात गेला. त्या मूकपटाची प्रत आज उरलेली नाही. शापित गावाची मूक आवृत्ती मात्र उरली, आणि म्हणून आपण आज कास्तीलच्या शेतकऱ्याबद्दल भांडतो आहोत.

फरक एक आहे. ‘सावकारी पाश’मध्ये शेतकऱ्याचं एक घर देशोधडीला लागतं. इथं गावच्या गाव एका दिवशी हलतं. गाड्यांवर गाद्या, भांडी, खुर्च्या, म्हातारी माणसं. आणि तुरुंगाच्या गजांआडून हुआन ते बघतो आहे. फ्लोरिआन रे या दिग्दर्शकानं ही मिरवणूक इतकी लांबवली आहे की एका वाचकानं ‘संपता संपेना’ अशी तक्रार केली आहे. संपायला नकोच होती.

मी आटपाडी तालुक्यातली. मालक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी तमिळनाडूत असतात, मी दोन पोरं आणि सासू-सासऱ्यांपाशी गावी. अकासियाचा मला फार राग आला. सासूबाईही म्हणाल्या, ‘पोटचं पोर टाकून गेली ती बाईच न्हवं.’ तुम्ही मागच्या अंकात तिची बाजू घेतल्यासारखं वाटलं. असं कसं? — एक सून

घेतल्यासारखं नव्हे, घेतलीच आहे.

तुम्हाला राग आला यात तुमची चूक नाही. चित्रपटाची मांडणीच अशी आहे की राग यावा. मूल मागे, आंधळा म्हातारा मागे, नवरा गजाआड, आणि ही बाई गाडीत. पण जरा त्या घरात डोकावून बघा. कमावता माणूस तुरुंगात, तो कधी सुटेल माहीत नाही. पीठ नाही. शेजारपाजार उद्या असणार नाही, कारण सगळेच निघालेत. थांबायचं म्हणजे नेमकं कशासाठी थांबायचं? त्या दिवशी त्या गावातल्या प्रत्येक माणसानं तोच निर्णय घेतला जो अकासियानं घेतला. बाकीच्यांच्या जाण्याला आपण पोटामागे जाणं म्हणतो. हिच्या जाण्याला पळून जाणं म्हणतो. गाडी तीच, रस्ता तोच.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली. सुटून आल्यावर हुआन गावात राहिला का? नाही. तोही गाव सोडून गेला, दुसऱ्याच्या शेतावर मुकादम झाला, बरं चाललं त्याचं. त्याला कुणी विचारलं नाही की बापजाद्यांची जमीन कशी टाकलीस.

आपल्याकडे हे उलट्या बाजूनं घडतं, म्हणून आपल्याला लवकर दिसत नाही. माण-खटावचे गडी मुंबईला गिरणीत गेले, माथाडीत गेले; खानापूर-आटपाडीचे गलाईला देशभर पांगले. बायका मागे राहिल्या. जाणारा पुरुष आणि वाट बघणारी बाई, हे आपल्या घरांचं नेहमीचं चित्र. अकासियानं ते उलटं केलं एवढंच.

माझं माहेर म्हसवडकडचं. बहात्तरच्या दुष्काळात आमची आई खडी फोडायला जायची, आम्ही सुकडी खायचो. आमच्या आळीतली एक बाई त्या साली नवऱ्याला शोधायला मुंबईला गेली. नवऱ्याचं पत्र नाही, मनिऑर्डर नाही, दीरही आधीच तिकडे गेलेला. लहान पोरगी तिनं सासूकडे ठेवली, कारण मुंबईत उतरायचं कुठं हेच ठाऊक नव्हतं. पावसाची दोन सालं बरी गेल्यावर ती परत आली. दीरही त्याच सुमारास आला, ट्रान्झिस्टर घेऊन. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर गाणी ऐकायला गर्दी व्हायची. ती आडावर आली की बायका कळशी बाजूला घ्यायच्या. मुंबईत तिनं काय केलं, कुणाला माहीत नव्हतं. भांडी घासली असतील, भाजी विकली असेल. पण न विचारताच सगळ्यांना सगळं माहीत होतं. तिची पोरगी माझ्या वर्गात होती. शाळेत कुणी भांडलं की पहिला टोला आईवरून. दिराची पोरंही बापाविना आजीनंच वाढवलेली. त्यांना कुणी काही बोललं नाही.

तेव्हा सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांची माळ जपून झाल्यावर, शांतपणानं, एवढं विचारा : गलाईला जाताना तुमच्या मुलानं पोरं टाकली का? त्या रागावतील. रागावू द्या. मग म्हणतील, तो पैसे पाठवतो. बरोबर आहे, पाठवतात. अकासियाला पैसे पाठवता येतील असं काम कुणी दिलं असतं, तर चित्रपट वेगळा झाला असता.

आता चित्रपट माझ्या बाजूचा आहे का? अजिबात नाही, आणि तसं भासवणं अप्रामाणिक होईल. फ्लोरिआन रे जुन्या वळणाचा माणूस. त्याच्या लेखी बाई चुकली, तिनं भोगलं, नवऱ्यानं मोठ्या मनानं क्षमा केली. त्या क्षमेचं मला काही कौतुक नाही. बापाचे डोळे गेलेले आहेत, आणि त्याच्यासमोर घराण्याची अब्रू शाबूत दिसावी म्हणून हुआन बायकोला घरात कोंडतो आणि तिच्याच लेकराला तिला शिवू देत नाही. यापुढे तिचं गाव सोडणं कुठं भरतं? पण कार्मेन व्हिआन्सेनं अकासिया अशी केली आहे की दिग्दर्शक एक सांगतो आणि तिचा चेहरा दुसरंच सांगतो. मूल समोर खेळतं आहे आणि ती हात मागे घेते, तेवढा प्रसंग पुन्हा बघा. सासूबाईंसोबत बघितलात तर उत्तम.

हुआनला एवढा राग होता तर तो तिला किंवा स्वतःला काही करत कसा नाही? त्या काळच्या स्पेनमध्ये कायदा काय होता? — एक वकील, कोरेगाव

तुमच्या धंद्याला शोभेल असाच प्रश्न. १८७०च्या स्पॅनिश दंडसंहितेत अशी तरतूद होती की व्यभिचार करताना पकडलेल्या बायकोला नवऱ्यानं जिवे मारलं तर त्याला शिक्षा फक्त हद्दपारीची. प्रजासत्ताकाच्या काळात, १९३२ साली, ही सवलत गेली आणि त्याच वर्षी घटस्फोटाचा कायदा आला. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत १९४४ साली ती सवलत परत आली, आणि पुढे साठच्या दशकापर्यंत टिकली. नाटकात हे त्याहून जुनं. सतराव्या शतकात काल्देरोन या स्पॅनिश नाटककारानं नुसत्या संशयावरून बायकोची शीर उघडून रक्त वाहू देणारा नवरा रंगवला आहे, आणि राजा त्याला माफ करतो. त्या परंपरेत हुआन मवाळच म्हणायचा. जिवे मारत नाही, बर्फात बाहेर काढतो. आपण हसू नये. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्याला शिक्षा, आणि तीही नवऱ्याची संमती नसेल तरच, हे आपलं ४९७ कलम २०१८पर्यंत जिवंत होतं. मालकी हक्काचा कायदा म्हणा की सरळ.

हा चित्रपट मुका आहे असं तुम्ही लिहिलंत, पण एका पुस्तकात तो बोलपट म्हणून दिला आहे. खरं काय? — एक विद्यार्थी, सातारा

दोन्ही खरं. आधी तो मूक काढला. चित्रण बहुतेक सगळं सेगोव्हियाकडच्या जुन्या गावांत झालं, पेद्रासा आणि आयोन ही त्यांतली. म्हणून तो दगडी दरवाजा आणि चौक खरे वाटतात, ते खरेच आहेत. तोवर जगात बोलपटाची लाट आली होती. स्पेनमध्ये आवाज भरायची धड सोय नव्हती, पहिला नीट बोलपट स्टुडिओ बार्सेलोनात १९३२ साली उभा राहिला. मग पॅरिसला जाऊन आवाजाची आवृत्ती केली गेली. ती पुढे हरवली. आज आपण पाहतो ती मूक. त्याच दिग्दर्शकानं १९४२ साली, यादवी युद्धानंतर, हीच गोष्ट पुन्हा बोलपट म्हणून काढली. बाबूरावांनीही ‘सावकारी पाश’ १९३६ साली आवाजासह पुन्हा काढला होता. आपला पहिला बोलपट १९३१चा, पहिला मराठी बोलपट १९३२चा, तोही कोल्हापूरचा. म्हणजे १९३०मध्ये स्पेन आणि कोल्हापूर एकाच पायरीवर उभे होते, हे तुझ्या प्रबंधात लिही. पुस्तकाचं नाव मात्र मला कळव, पानासकट.

स्पॅनिश सिनेमा म्हटल्यावर बैलांची झुंज, पंखे, नाच, पेटलेलं प्रेम असं काही असेल म्हणून आलो. प्रेम तर कुठं दिसलं नाही. — एक निराश प्रेक्षक, कराड

तिकीट नव्हतं, मग निराशा कसली?

तुम्ही म्हणता तसे चित्रपट स्पेनमध्ये भरपूर निघाले, आणि फ्लोरिआन रेनंही काढले. हा मूळचा आरागॉनचा, सारागोसाकडच्या गावचा, १८९४चा जन्म. आधी वृत्तपत्रात, मग नट, मग दिग्दर्शक. इंपेरिओ आर्जेन्तिना ही गाणारी नटी त्याची बायको, आणि तिच्यासोबत त्यानं १९३५-३६मध्ये लोकांना वेड लावणारे चित्रपट दिले. त्यांतला ‘नोब्लेसा बातुर्रा’ तुम्हाला आवडेल. आरागॉनचं गाव, मालकाची मुलगी आणि शेतावरचा गडी यांचं प्रेम, आणि नाकारला गेलेला एक पैसेवाला. रात्री तिच्या सज्जातून कुणी उतरलं अशी कंडी तो पिकवतो, आणि गावात तिच्यावर गाणं होतं. इथं शेवट गोड आहे, नाचगाणं आहे, आणि मुलगी निर्दोष आहे हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक आहे. म्हणूनच तो सोपा चित्रपट आहे. निर्दोष बाईच्या बाजूनं उभं राहायला काय लागतं?

शापित गावातही आग आहे, फक्त ती प्रेमाची नाही. गंमत बघा, अकासियाचा कुणी प्रियकर कथेत उभाच केलेला नाही. हुआनचा सगळा संताप ज्याच्यावर काढावा असा दुसरा पुरुषच नाही. लुकासवर हात टाकला तर तुरुंग. गारेवर कुणी हात टाकू शकत नाही. उरली बायको.

लहान मुलांना दाखवावा का? — मिरज

आठवीच्या पुढच्यांना जरूर. त्याखालची मुलं मारामारीनंतर झोपतात.

आमच्या गावी, जत तालुक्यात, यात्रेनंतर देवळासमोर दाखवायचा विचार आहे. लोकांना स्पॅनिश पाट्या कळणार नाहीत. बरोबर वाजवायला काय ठेवावं? — तरुण मंडळाचा एक कार्यकर्ता

कल्पना छान आहे. पाट्या वाचायला गावातली एखादी मोठ्या आवाजाची बाई बसवा. मूकपटांच्या काळात आपल्याकडेही पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे असत, पेटी-तबला असे. पाट्यांचं मराठी मी करून ठेवलं आहे, पाठवते. माणूस नको, बाईच बसवा, माझा हट्ट समजा. आणि तिला सांगा की पाटीवर आहे तेवढंच वाचायचं, मध्ये ‘अरेरे’ करायचं नाही.

वाजवायला एक पेटी पुरे. हलगी, बेंजो, डीजे यांतलं काही नको. गाड्या गाव सोडतात तेव्हा पेटीही थांबवली तर लोक बैलांकडे नीट बघतील. तुमच्याकडे बैलांची पारख असणारे पुष्कळ. चित्रपट तासाभराच्या आसपास आहे, तेव्हा साडेआठला सुरू केला तर दहाच्या आत घरी जाता येईल. पडदा वाऱ्याकडे पाठ करून लावा, खाली वजनं बांधा. संपल्यावर सरपंचांचं भाषण ठेवणार असाल तर ते चित्रपटाच्या आधी ठेवा. वीज कोणत्या आठवड्यात रात्रीची असते ते वायरमनला विचारूनच तारीख धरा, आणि मार्चमध्ये धरू नका. द्राक्षवाले येणार नाहीत, आणि आले तरी पहिल्याच गारेला उठून बागेकडे जातील.